लिबरऑफिसमधील पहिली दुरुस्ती: चूक नोंदवण्यापासून पॅच स्वीकारला जाईपर्यंत

लिबरऑफिसच्या रायटर या लेखन-कार्यक्रमात ‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो आणि पडद्यावर तो दोन्ही वेळा सारखाच दिसतो. पहिल्या प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलेले असते, ज्याचा युनिकोड क्रमांक ०९३१ आहे. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, त्याला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह असते. दोन जणांनी मिळून लिहिलेल्या दस्तऐवजात हे दोन्ही प्रकार मिसळले, की शोध, वर्णक्रम आणि शुद्धलेखन तपासणी या तिन्ही ठिकाणी गडबड होऊ शकते. रोज जर्मन किंवा फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरच्या नजरेला अशी गडबड कधीच पडणार नाही. ती मराठीत टंकणाऱ्यालाच दिसते आणि म्हणून ती नीट नोंदवण्याचे, जमल्यास दुरुस्त करण्याचे कामही आपल्यालाच करावे लागते. ते कसे करायचे, हे मी येथे लिबरऑफिसच्या उदाहरणाने सांगणार आहे, कारण मराठी माणसाच्या रोजच्या कामाला सर्वांत जवळचे असे डेस्कटॉपवरचे ओपन सोर्स सॉफ्टवेअर तेच आहे.

या प्रकल्पाचा इतिहास थोडक्यात माहीत असला, तर पुढे सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, वाचताना त्याचा उपयोग होतो. जर्मनीतील ल्यूनेबर्ग येथे सुरू झालेल्या स्टार डिव्हिजन या कंपनीचे स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि २००० मध्ये त्याचा सोर्स कोड ओपनऑफिस या नावाने खुला केला. पुढे सन कंपनीच ओरॅकलकडे गेल्यावर स्वयंसेवकांनी आणि काही कंपन्यांनी २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यातून लिबरऑफिस वेगळे काढले आणि त्यासाठी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था उभी केली. आज सोर्स कोडमध्ये ‘एसडब्ल्यू’, ‘एससी’, ‘एसडी’ अशा नावांचे फोल्डर दिसतात, ते मुळात स्टाररायटर, स्टारकॅल्क आणि स्टारड्रॉ यांचे आहेत. जुन्या फायलींमधील टिपा एके काळी जर्मन भाषेत होत्या आणि त्या इंग्रजीत आणण्याचे काम स्वयंसेवकांनी अनेक वर्षे चिकाटीने केले. नवख्या माणसाला हा कोड अवघड वाटतो, कारण तो तीसेक वर्षांत थरावर थर चढत वाढला आहे. पहिल्या वाचनात तो कळला नाही, म्हणून कोणी आपल्या बुद्धीवर शंका घेऊ नये.

चूक नोंदवणे हेच पहिले योगदान

बरेच जण थेट कोड उतरवून घेण्यापासून सुरुवात करतात. माझा आग्रह असा आहे, की सुरुवात स्वतःला अडलेल्या एका चुकीपासून करावी आणि ती इतक्या काटेकोरपणे नोंदवावी, की दुसऱ्या माणसाला दोन मिनिटांत आपल्या संगणकावर ती पुन्हा घडवून पाहता येईल. ज्या चुकीची कृती कोणालाच पुन्हा करून पाहता येत नाही, ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहते; नेमकी नोंदवलेली चूक मात्र अर्धी सुटलेलीच असते.

प्रथम लिबरऑफिसची ताजी आवृत्ती बसवून घ्यावी, कारण आपल्या लिनक्स वितरणात आलेली आवृत्ती पुष्कळदा जुनी असते आणि आपली अडचण एव्हाना सुटलेली असू शकते. त्यानंतर मदत मेनूतून कार्यक्रम सुरक्षित मोडमध्ये पुन्हा सुरू करावा. या मोडमध्ये आपली वैयक्तिक मांडणी आणि बाहेरून जोडलेली एक्स्टेन्शन बाजूला ठेवली जातात, त्यामुळे दोष मूळ कार्यक्रमाचा आहे की आपल्या मांडणीचा, याचा उलगडा लगेच होतो. दोष तरीही दिसत असेल, तर बगझिला या नोंदवहीत जाऊन तीच तक्रार आधी कोणी केली आहे का, हे वेगवेगळे शब्द वापरून शोधावे. देवनागरीसंबंधीच्या तक्रारी शोधताना केवळ ‘मराठी’ या शब्दावर थांबू नये. हिंदी, नेपाळी किंवा संस्कृत लिहिणाऱ्या कोणी तरी तोच दोष आधी नोंदवलेला असणे अगदी शक्य असते.

नोंद लिहिताना वर सांगितलेलेच उदाहरण घेऊ. समजा, शोधपट्टीत आपण स्वतंत्र ‘ऱ’ वापरून ‘दऱ्या’ टंकले आणि दस्तऐवजातील दुसऱ्या प्रकारचा ‘दऱ्या’ सापडला नाही. “मराठीत शोध चालत नाही” अशी नोंद केली, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी नवा दस्तऐवज उघडावा, त्यात दोन ओळींवर दोन प्रकारे हा शब्द टंकावा आणि कोणत्या ओळीत कोणते युनिकोड वर्ण कोणत्या क्रमाने आहेत, हे क्रमांकासहित लिहावे. हे क्रमांक ओळखण्याची सोय रायटरमध्येच आहे: अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या, की अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक येतो आणि पुन्हा दाबल्यावर अक्षर परत येते. त्यानंतर शोधपट्टीत काय टंकले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, ही तीन विधाने स्वतंत्रपणे लिहावीत. ‘अपेक्षित’ आणि ‘प्रत्यक्ष’ यांत गल्लत झाली, की देवनागरी न वाचणारा तपासनीस गोंधळतो. पडद्याच्या चित्रात नेमके काय चुकले आहे, हे त्याला आपण बाण काढून दाखवल्याशिवाय कळत नाही.

नोंदीला तो छोटा दस्तऐवज जोडावा, मात्र त्यात कोणाचे नाव, पत्ता किंवा कार्यालयातील खरा मजकूर राहणार नाही, याची खात्री करून घ्यावी, कारण एकदा जोडलेली फाइल सगळ्या जगाला दिसते. मदत मेनूतील माहितीच्या खिडकीत आवृत्तीचा तपशील उचलून घेण्याचे बटण असते. तो तपशील जसाच्या तसा चिकटवावा. त्यात कार्यप्रणाली, भाषेची मांडणी आणि खिडक्या रेखाटणारा घटक कोणता आहे, हे सारे येते, आणि एखादा दोष फक्त लिनक्सच्या एकाच प्रकारच्या डेस्कटॉपवर दिसत असेल, तर त्याचा माग तेथूनच लागतो. एका नोंदीत एकच दोष लिहावा. भाषा साध्या इंग्रजीतील छोट्या वाक्यांची असावी. व्याकरण थोडे चुकले, तरी कोणी त्यावर बोट ठेवत नाही, परंतु पायऱ्या गाळल्या तर काम अडते.

देवनागरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा तीन गटांत ठरवली जाते आणि देवनागरी जटिल मजकूर मांडणीच्या गटात मोडते. पर्यायांच्या खिडकीत या गटासाठी मराठी ही भाषा निवडलेली नसेल, तर शुद्धलेखन तपासणी चुकीच्या भाषेत होते. इतकेच नव्हे, तर ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात, त्यांत ते मराठी वळण न येता हिंदी वळण येऊ शकते. फॉन्टला मजकुराची भाषा कळवली गेली, तरच तो योग्य आकार निवडतो. अशा वेळी दोष कार्यक्रमाचा नसून मांडणीचा असतो, म्हणून नोंद करण्यापूर्वी हे पाहून घेतलेले बरे.

प्रोग्रॅमिंग येत नसले तरी करता येईल असे आणखी एक मोलाचे काम आहे. ‘पूर्वी हे नीट चालत होते, आता चालत नाही’ अशा प्रकारचा दोष असेल, तर तो नेमका कोणत्या बदलामुळे आला, हे शोधून देता येते. प्रकल्पाने जुन्या काळातील हजारो तयार आवृत्त्या गिट या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनाच्या साठ्यात जपून ठेवल्या आहेत. त्या उतरवून घ्यायच्या, मधली आवृत्ती चालवून पाहायची आणि ती चांगली की बिघडलेली, एवढेच गिटला सांगायचे. प्रत्येक उत्तरागणिक शोधाची कक्षा निम्मी होते, त्यामुळे हजार आवृत्त्यांमधून गुन्हेगार आवृत्ती दहा चाचण्यांत हाती येते. डाउनलोड मोठे असते, तेव्हा चांगल्या जोडणीवर रात्रभर लावून ठेवावे. ज्याने तो बदल केला, त्याला नोंदीत जोडून घेतले, की पुष्कळदा त्याच आठवड्यात दुरुस्ती सुरू होते.

कोड उतरवणे आणि बांधणे

स्वतः दुरुस्ती करायची असेल, तर त्यासाठी सी प्लस प्लसची प्राथमिक ओळख आणि गिटचा सराव पुरेसा आहे. काही भाग पायथॉन आणि जावामध्येही आहे. कामाला लिनक्स सर्वांत सोयीचे पडते. डेबियन किंवा उबुंटूवर सोर्स पॅकेजांचे भांडार चालू करून लिबरऑफिसच्या बांधणीला, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा कार्यक्रम तयार करण्याला, लागणारी सर्व पॅकेजे एकाच आज्ञेने बसवता येतात. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ आणि त्याच्या जोडीला लिनक्ससारखे वातावरण लागते. ते उभे करण्यात एखादा दिवस सहज जातो, म्हणून नवख्याने शक्य तर लिनक्सच धरावे.

‘कोअर’ नावाचे मुख्य भांडार, पाठवलेले बदल जेथे तपासले जातात त्या गेरिट या सर्व्हरवरून क्लोन केल्यावर, म्हणजे त्याची पूर्ण प्रत उतरवून घेतल्यावर, त्या फोल्डरात ऑटोजेन ही स्क्रिप्ट चालवायची आणि मग ‘मेक’ ही आज्ञा द्यायची, एवढीच मूळ कृती आहे. ऑटोजेनला द्यायचे पर्याय ‘ऑटोजेन डॉट इनपुट’ या फायलीत एकेका ओळीवर लिहून ठेवले, की प्रत्येक वेळी टंकावे लागत नाहीत. त्यात डीबग तपासण्या सुरू करणारा पर्याय अवश्य ठेवावा, कारण आपल्या बदलामुळे एखादे गृहीतक मोडले, तर त्या तपासण्या तेथल्या तेथे ओरडून सांगतात. संगणकात किमान आठ जीबी रॅम आणि चाळीसेक जीबी मोकळी जागा असावी, असा माझा सल्ला आहे. पहिली बांधणी साध्या लॅपटॉपवर कित्येक तास चालते आणि ती मध्येच थांबली, तर बहुतेक वेळा कारण डिस्क भरल्याचे किंवा एखादे पॅकेज राहून गेल्याचे असते. अशा वेळी शेवटच्या ओळी न वाचता वर सरकून पहिली चूक वाचावी. आधी बांधलेले तुकडे जपून ठेवणारे सीकॅश हे साधन आधीच बसवून ठेवले, तर पुढच्या बांधण्या पुष्कळ लवकर होतात, आणि एकाच मोड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या एका विभागात, बदल केला असेल, तर ‘मेक’पुढे त्या मोड्यूलचे नाव देऊन तेवढेच बांधता येते. तयार झालेला कार्यक्रम ‘इन्स्टडिर’ फोल्डरात मिळतो आणि तो तेथूनच चालवायचा असतो, त्यामुळे रोजच्या वापरातल्या लिबरऑफिसला धक्का लागत नाही.

पहिल्या कामासाठी बगझिलामध्ये ‘ईझी हॅक’ ही खूण असलेल्या नोंदी पाहाव्यात. त्यांत अडचणीची पातळी आणि लागणारे कौशल्य लिहिलेले असते आणि कोणत्या फायलीत पाहावे, याचा इशाराही बहुधा दिलेला असतो. “हे काम मला द्या” असे लिहून वाट पाहत बसू नये. काम सुरू करावे आणि अडल्यावर नेमका प्रश्न विचारावा.

कोडमध्ये आपली जागा शोधणे

एवढ्या मोठ्या कोडमध्ये योग्य ओळ शोधायची कशी, हे एकदा हाताने करून पाहिले, की भीती मोडते. उदाहरणादाखल अक्षरे ठळक करण्याचे ‘बोल्ड’ हे बटण घेऊ. त्याचे इंग्रजी नाव ‘ऑफिससीएफजी’ मोड्यूलमधील आज्ञांच्या फायलींत गिट ग्रेप ही शोधाची आज्ञा वापरून शोधावे. तेथे कळते, की या बटणामागे ‘यूनो’ या उपसर्गाने सुरू होणारी बोल्ड नावाची आज्ञा आहे. मग तेच नाव ‘एसडीआय’ प्रकारच्या फायलींत शोधले, की मोठ्या अक्षरांतले, ‘एसआयडी’ने सुरू होणारे एक लांब नाव मिळते, जे अक्षराचे वजन या गुणधर्माशी जोडलेले असते. ते नाव पुन्हा संपूर्ण कोडमध्ये शोधावे. रायटरपुरते बोलायचे, तर ‘एसडब्ल्यू’ मोड्यूलमधील ‘शेल्स’ फोल्डरात एक लांबलचक स्विच दिसतो आणि त्यातल्या त्या नावाच्या केसमध्ये बटण दाबल्यावर काय घडते, ते लिहिलेले असते. बटणापासून आज्ञेकडे, आज्ञेपासून क्रमांकाकडे आणि क्रमांकापासून कामाच्या ओळीकडे, हा माग जवळपास प्रत्येक मेनूला आणि बटणाला लागू पडतो. संवादखिडक्यांचे आराखडे मात्र वेगळ्या ‘यूआय’ फायलींत असतात. एखादे लेबल किंवा बटणांचा क्रम बदलायचा असेल, तर सी प्लस प्लसला हात लावावाच लागत नाही.

मराठीचा तारीख, वार, महिने आणि अंकगटांचा तपशील ‘आय१८एनपूल’ या मोड्यूलमध्ये भारतातील मराठीच्या नावाने ठेवलेल्या एका एक्सएमएल फायलीत आहे. ती फाइल कोणताही सुशिक्षित मराठी माणूस वाचू शकतो. एखाद्या महिन्याचे संक्षिप्त रूप चुकले असेल किंवा लाख-कोटींची विभागणी नीट होत नसेल, तर पहिल्या पॅचसाठी, म्हणजे कोडमधील बदलाच्या छोट्या तुकड्यासाठी, यापेक्षा चांगली जागा नाही.

ओळ सापडल्यावर बदल करण्यापूर्वी गिट ब्लेम चालवून ती ओळ कोणत्या बदलातून आली आणि त्या वेळी कोणते कारण दिले होते, ते वाचावे. निरर्थक वाटणारी अट पुष्कळदा दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या दस्तऐवजासाठी घातलेली असते आणि ती काढली, तर कोणाची तरी जुनी फाइल बिघडते.

पॅच पाठवणे

गेरिटवर खाते उघडून आपली एसएसएच किल्ली, म्हणजे सर्व्हरला आपली ओळख पटवणारी फाइल, तेथे नोंदवावी आणि भांडारातच मिळणाऱ्या ‘लॉगेरिट’ या स्क्रिप्टने जोडणी करून घ्यावी. पहिल्या पॅचच्या आधी किंवा सोबत विकसकांच्या टपाल यादीवर एक छोटे निवेदन पाठवावे लागते: माझे आतापर्यंतचे आणि पुढचे सर्व योगदान मोझिला सार्वजनिक परवाना आवृत्ती २ आणि एलजीपीएल आवृत्ती ३ किंवा त्यापुढील यांखाली वापरता येईल. हे निवेदन गांभीर्याने करावे. नोकरीत असणाऱ्यांनी आपल्या करारात फावल्या वेळात लिहिलेल्या कोडवर कंपनी हक्क सांगते का, ते आधी पाहावे आणि दुसऱ्या प्रकल्पातील कोड परवाना न तपासता कधीही उचलू नये.

कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या एका बदलाच्या, संदेशाची पहिली ओळ छोटी असावी आणि तिच्यात बगझिलातील नोंदीचा क्रमांक ‘टीडीएफ’ या अक्षरांसह यावा. पुढच्या परिच्छेदात काय बदलले यापेक्षा का बदलले, हे लिहावे, कारण काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच. एका कमिटमध्ये एकच गोष्ट असावी. माझ्या सुरुवातीच्या एका पॅचमध्ये मी दोन ओळींच्या दुरुस्तीबरोबर शेजारच्या साठ ओळींचे समासही सरळ केले होते. तपासणाऱ्याला मूळ दुरुस्ती शोधावी लागली आणि त्याने मला ते दोन तुकड्यांत वेगळे करायला सांगितले. ते म्हणणे रास्त होते, आणि तेव्हापासून पाठवण्यापूर्वी मी स्वतःचा पॅच परक्याच्या नजरेने एकदा वाचतो.

पॅच पोहोचला, की जेनकिन्स हा स्वयंचलित सर्व्हर तो लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर बांधून चाचण्या चालवतो. तेथे लाल खूण आली, तर घाबरून पॅच मागे घेऊ नये. नोंदी उघडून दोष आपला आहे की त्या यंत्राचा, ते पाहावे. माणसांकडून आलेल्या सूचनांनुसार बदल करताना नवा कमिट जोडायचा नसतो, तर तोच कमिट सुधारायचा असतो. संदेशाच्या तळाशी आपोआप आलेली ‘चेंज आयडी’ची ओळ जपली, तर गेरिट तो त्याच पॅचचा पुढचा संच मानतो, ती ओळ पुसली गेली, तर नवीन पॅच तयार होतो आणि आधीची चर्चा मागे राहते. दुरुस्तीबरोबर एखादी स्वयंचलित चाचणीही द्यावी. आधी बिघडणारा दस्तऐवज उघडून आता तो नीट उघडतो, एवढे पडताळणारी पाच-दहा ओळींची चाचणी असली, तरी तोच दोष पुढे कोणी नकळत परत आणू शकत नाही.

उत्तराला कधी एक दिवस लागतो, कधी दोन आठवडे. बरेचसे जुने विकसक युरोपात राहतात. जर्मनीच्या आणि आपल्या घड्याळात उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते, त्यामुळे आपल्या दुपारपासून रात्रीपर्यंतचा वेळ आयआरसी या गप्पांच्या सेवेवरील विकसकांच्या खोलीत प्रश्न विचारायला चांगला. प्रश्न विचारून लगेच निघून जाऊ नये, कारण उत्तर तासाभराने येते.

भाषांतराचे काम

मराठी भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालते आणि त्यासाठी कोड बांधण्याची गरज नाही. मात्र ते शब्दाला शब्द ठेवण्याइतके सोपे नाही. इंग्रजीत ‘ओपन’ हे क्रियापदही असते आणि अवस्थाही. कोठे ‘उघडा’ आणि कोठे ‘उघडे’ हे संदर्भ पाहिल्याशिवाय ठरत नाही. ‘नन’ हा एकच शब्द किनार, सावली आणि रंग या तिन्हींसाठी येतो, तेव्हा ‘कोणतीही नाही’ असे लिहिले, तर रंगाच्या यादीत लिंग चुकते. ‘काही नाही’ सगळीकडे चालते. पानांची मोजणी दाखवणाऱ्या वाक्यात इंग्रजीत आधी चालू पान आणि मग एकूण पाने येतात, मराठीत मात्र ‘एकूण दहांपैकी तिसरे’ असा उलटा क्रम लागतो. तेथे टक्केचिन्हाला जोडून आलेले अंक ही संगणकासाठी राखलेली जागा असते. त्यांची अदलाबदल करायला हरकत नाही, पण ते अंक देवनागरीत केले, तर ती जागा भरली जात नाही. प्रत्येक वाक्याला पाच अक्षरांची ओळखखूण दिलेली असते, तिच्या मदतीने ते वाक्य कोणत्या खिडकीत येते, हे शोधता येते. ‘सेव्ह’साठी एका मेनूत ‘जतन करा’ आणि दुसऱ्यात ‘साठवा’ असे होऊ नये, म्हणून आधीच्या भाषांतरकारांनी काय ठरवले आहे, ते पाहून, मतभेद असल्यास बोलून, मग सर्वत्र एकच शब्द ठेवावा.

पॅच मुख्य शाखेत गेला, की बगझिलातील नोंदीवर आपोआप एक टीप उमटते आणि दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत येणार, ते तिच्यात असते. लिबरऑफिसच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा येतात. दोष गंभीर असेल आणि तोपर्यंत थांबणे योग्य नसेल, तर तोच बदल चालू स्थिर शाखेसाठी गेरिटवर वेगळा पाठवता येतो. तेथे तपासणी अधिक कडक असते. टीप आल्यानंतर एक-दोन दिवसांनी विकसनाची दैनिक आवृत्ती उतरवून घ्यावी, आपण नोंदीला जोडलेला तोच छोटा दस्तऐवज तिच्यात उघडावा, ‘दऱ्या’ शोधून पाहावे आणि तो दोन्ही ओळींवर सापडला, तर नोंद पडताळलेली म्हणून खूण करावी.